तराजूकाकांचं अक्षर

सूचना फलकावरच्या चार ओळींमुळे एखाद्या सरळ माणसाची अब्रू धोक्यात येऊ शकते, असं तराजूकाकांना कोणी आधी सांगितलं असतं, तर त्यांनी ते हसण्यावारी नेलं असतं. ओळी अगदी निरुपद्रवी होत्या. गुरुवारी टाकी धुणार, दहा ते दोन पाणी बंद, बादल्या भरून ठेवाव्यात, गैरसोयीबद्दल क्षमस्व. ही नोटीस लिहिण्याचं काम इमारतीच्या सेक्रेटरींचं. पण त्यांची कंबर धरली होती, आणि आडवं पडल्या पडल्या त्यांनी ते काम काकांच्या गळ्यात घातलं.

तराजूकाका हे त्यांचं खरं नाव नव्हे. वजनमापं तपासणाऱ्या खात्यात त्यांनी चौतीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासले, आणि एक ग्रॅमही कोणाला इकडचा तिकडे करू दिला नाही. निवृत्त झाल्यावर खातं सुटलं, तराजू मात्र नावाला चिकटून राहिला. त्याची त्यांना खंत नव्हती. उलट इमारतीत कुठेही वाद झाला की 'तराजूकाकांना विचारा' असं लोक म्हणत, तेव्हा त्यांची छाती मोजता येईल इतकी फुगे.

खंत एकच होती, अक्षराची. काकांचं अक्षर बारीक, दाटीवाटीचं आणि एका बाजूला कललेलं होतं. खात्यात असताना त्यांचे अहवाल साहेब वाचत नसत, काकांना बोलावून ऐकत असत. म्हणून त्यांनी नोटीस संगणकावर टाइप केली आणि छापायला दिली.

छपाईयंत्रातून जे बाहेर आलं, ते पाहून काका दोन पावलं मागे सरले.

नोटीस छापलेली दिसतच नव्हती. कोणीतरी जाड कुंचला शाईत बुडवून झपाझप लिहावं तसे शब्द कागदभर पसरले होते. काने वरून जाड आणि खाली निमुळते, वेलांट्या वाऱ्यावर सोडलेल्या. शिरोरेघ कुठे भरीव, तर कुठे रंग संपत आल्यासारखी खरखरीत होऊन मधेच सुटलेली. 'बादल्या' हा शब्द तर ओळ सोडून चक्क वर निघाला होता. काकांनी पुन्हा छापून पाहिलं. पुन्हा तेच. चौथ्या वेळी त्यांनी यंत्राची तार काढून परत लावली. पाचव्या वेळी कागदच संपले.

"अहो, लावा ना तीच," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "टाकी धुवायचीय. लग्न नाहीये कुणाचं."

काकांनी ती लावली. मागे वळतात तो तिसऱ्या मजल्यावरच्या चित्रकलेच्या बाई तिथे उभ्या. त्या नोटिशीकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग काकांकडे पाहिलं, मग पुन्हा नोटिशीकडे.

"काका," त्या हळूच म्हणाल्या, "इतकी वर्षं लपवून ठेवलंत?"

"काय?"

"हा हात! अहो, ही लय बघा. हा उकार बघा, कसा बेफिकीर सोडलाय. लिहिणारा माणूस मनाने किती मोकळा असेल!"

काकांना आजवर कोणी मोकळा म्हटलं नव्हतं. चोख, काटेकोर, चिकित्सक, झालंच तर किचकट, एवढंच म्हटलं होतं. हे छापलेलं आहे, असं सांगायला त्यांनी तोंड उघडलं. पण तेवढ्यात लिफ्ट आली. असं सत्य नीट सांगायचं तर साधारण सात सेकंद लागतात. लिफ्टचं दार पाच सेकंदांत बंद होतं. उरलेले दोन सेकंद तराजूकाकांना पुढचा महिनाभर पुरले.

संध्याकाळपर्यंत बातमी सगळ्या मजल्यांवर पोचली. ज्याला त्याला खुलासा करत फिरणं काकांना बरं दिसेना. आपण काही बोललोच नाही, तर खोटं कुठे बोललो, असा हिशोब त्यांनी मनाशी मांडला. चौतीस वर्षांत कित्येक दुकानदारांनी त्यांना हेच सांगितलं होतं: साहेब, मी पारड्याला हातही लावला नाही. तेव्हा काकांनी ते एकदाही मान्य केलं नव्हतं.

त्यांनी भाचीला फोन लावला. ती जाहिरातींच्या आणि आमंत्रणपत्रिकांच्या मांडणीचं काम करायची आणि महिन्यापूर्वी चार दिवस राहून गेली होती.

"अय्या मामा, तो 'फटकारा' असेल! माझ्या कामासाठी टाकला होता तुमच्या संगणकावर. बदलायचा राहिला वाटतं."

"फटकारा म्हणजे?"

"फॉन्ट हो. अक्षरांचा साचा. हाताने, कुंचल्याने लिहिल्यासारखा. पोस्टरला छान दिसतो. आमंत्रणाला, बरणीच्या लेबलाला, दुकानाच्या पाटीला. पण चारपाच शब्दांच्या वर वापरायचा नाही हं. आणि अर्ज, औषध, नोटीस असल्या ठिकाणी तर कधीच नाही."

"नोटिशीला का नाही?"

"अहो मामा, ते अक्षर बघून माणसाला वाटतं, काहीतरी मजा आहे."

काकांनी फोन ठेवला. गुरुवारी सकाळी अठरापैकी अकरा घरांनी बादल्या भरल्याच नव्हत्या. सगळ्यांनी नोटीस पाहिली होती. सगळ्यांना ती आवडलीही होती.

यानंतर तरी काकांनी फटकारा काढून टाकायला हवा होता. पण पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर आले. दाढ काढल्यावर घ्यायची काळजी, असा एक छापील कागद ते पेशंटना देत. तो पाहूनच पेशंट घाबरतात, अशी त्यांची तक्रार होती.

"तुमच्या अक्षरात असलं ना काका, तर जरा घरगुती वाटेल. तीस प्रती द्या. सावकाश लिहा, घाई नाही."

आता नाही म्हणावं तर कारण सांगावं लागणार. काकांनी तीस प्रती छापल्या. एका दिवसात तीस कागद हाताने लिहून होणार नाहीत म्हणून त्या कपाटात ठेवून दिल्या, आणि रोज पाच याप्रमाणे सहा दिवस नेऊन दिल्या. आपण हे का करतो आहोत, हे त्यांना चौथ्या दिवशी कळेनासं झालं. काकू रोज पाच कागद मोजून देत आणि म्हणत, "आज हात जास्त दुखला का हो?"

आठवड्याने डॉक्टर जिन्यात भेटले. चेहरा उतरलेला. "काका, अक्षर लोकांना फारच आवडलं. एकाने दाढ काढली त्याच संध्याकाळी ऊस खाल्ला. म्हणाला, तुमचा कागद वाचून वाटलं, तुम्ही असंच गमतीत लिहिलंय."

मग चित्रकलेच्या बाई आल्या. त्यांच्या वर्गातल्या मुलांना काकांनी कुंचला हातात घेऊन प्रत्यक्ष लिहून दाखवावं, अशी त्यांची इच्छा होती. पन्नास मुलं, मोठा कागद, काळी शाई.

"खांदा धरलाय," ते म्हणाले. हे त्यांचं पहिलं उघड खोटं. ते बाहेर पडताना आवाज इतका नैसर्गिक होता की ते स्वतःच चकित झाले.

खोट्याचा देखभालीचा खर्च मूळ किमतीहून जास्त असतो. खांदा धरला म्हणताच काकूंना काहीतरी करणं भाग पडलं. त्यांनी जुन्या ओढणीची झोळी करून काकांचा उजवा हात गळ्यात बांधला. "आता राहा आठ दिवस असेच," त्या म्हणाल्या. त्यात काळजी किती आणि शिक्षा किती, हे काकांना मोजता आलं नाही.

नेमका त्याच आठवड्यात त्यांना हयातीच्या दाखल्यासाठी पेन्शनच्या कचेरीत जायचं होतं. अर्ज आधीच छापून ठेवला होता. खिडकीतल्या कारकुनाने तो पाहिला आणि परत सरकवला.

"हाताने लिहिलेला अर्ज चालत नाही. टाइप करून आणा."

"टाइपच केलेला आहे."

कारकुनाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "काका, मी या खिडकीत बावीस वर्षं बसतोय. टाइप केलेलं मला कळत नाही?"

"अहो, हा फॉन्ट आहे. फटकारा."

"फटकारा तर आहेच. कसा मारलाय, दिसतोय ना! आणि हात गळ्यात असताना." कारकुनाच्या सुरात कौतुकही होतं. "टाइप करून आणा."

काका घरी आले, फॉन्ट बदलला, तोच मजकूर त्याच यंत्रावर पुन्हा छापला आणि दुसऱ्या दिवशी नेला. "याला म्हणतात टाइप," कारकून म्हणाला. मग त्याने एक कोरा कागद पुढे केला. त्यावर दोन ओळींचं निवेदन अर्जदाराने समोर बसून स्वतःच्या हाताने लिहायचं होतं. काकांनी हात झोळीतून काढला, लिहिलं, आणि परत झोळीत ठेवला. कारकून त्या ओळींकडे पाहत राहिला. त्याने कागद तिरका करून पाहिला. मग काही न विचारता, दयाळूपणे, समासात शेरा मारला: 'अर्जदार वृद्ध. हात कापतो.'

काकांचा हात चिमट्याने मिलिग्रॅमचं वजन पारड्यात ठेवत आला होता आणि पारडं कधी थरथरलं नव्हतं. पण हे कोणाला सांगणार? त्यांनी शिक्का मारलेला कागद घेतला आणि पायी घरी आले. आपलं नसलेलं अक्षर सगळे आपलं मानतात, आणि आपलं आहे ते रोग मानतात. यात नेमकी चूक कुठे झाली, हे त्यांना वाटेत काही केल्या सापडलं नाही.

घरी दारातच सेक्रेटरी उभे. त्यांची कंबर बरी झाली होती, बाकी मात्र सगळं बिघडलेलं दिसत होतं. हातात एक कागद होता.

"हे सकाळी माझ्या दाराखालून सरकवलं गेलं," ते म्हणाले. "वाचा. म्हणजे, तुम्हाला वाचायची काही गरज नाही म्हणा."

कागदावर फटकारा होता. तोच उकार, तीच सुटलेली शिरोरेघ.

'सेक्रेटरीसाहेब, गच्चीची एकमेव किल्ली तुमच्याकडे का? इमारतीत अठरा घरं आहेत. तुम्ही स्वतः वर्षभरात गच्चीवर पाऊल टाकलेलं नाही. किल्ली रात्री उशीखाली ठेवता, सकाळी ती सापडत नाही म्हणून घर डोक्यावर घेता आणि शेवटी ती तुमच्याच झब्ब्यात निघते. संध्याकाळी अर्धा तास मोकळ्यावर बसावं असं एखाद्याला वाटलं, तर त्याने काय करायचं? एक रहिवासी.'

"उत्तम लिहिलंय," काका भान विसरून म्हणाले.

"लिहिलंय ना? मग खाली नाव लिहायची लाज का वाटली? आणि मी किल्ली उशीखाली ठेवतो हे तुम्हाला कसं कळलं? खिडकीतून बघता?"

"अहो, हे माझं अक्षर नाही!"

"सगळी इमारत ओळखते तुमचं अक्षर."

"माझा हात गळ्यात आहे!"

"त्याच हातात काल भाजीची पिशवी होती," सेक्रेटरी थंडपणे म्हणाले. "मी गॅलरीतून पाहिलं. रविवारी सभा बोलावतोय. निनावी पत्र कोणाचं, ते नावानिशी इतिवृत्तात नोंदवणार. कायमचं."

काका आत येऊन खुर्चीत बसले. चौतीस वर्षं त्यांनी दुकानदाराच्या तोंडावर, त्याच्याच गल्ल्यासमोर उभं राहून सांगितलं होतं की तुझं माप खोटं आहे. कागद दाराखालून सरकवणारा माणूस, अशी त्यांची नोंद होणार होती, आणि सुटायचं तर अठरा घरांसमोर कबूल करावं लागणार होतं की महिनाभर आपण दुसऱ्याच्या कौतुकावर जगलो.

"आता तरी सांगून टाका," काकू म्हणाल्या.

"सांगण्यापेक्षा सिद्ध करतो," काका म्हणाले. कबुली द्यायला त्यांची जीभ वळेना. सिद्धतेला मात्र ते कधी घाबरले नव्हते.

रविवारी सकाळी तळमजल्यावर सतरंज्या आणि खुर्च्या पडल्या. सेक्रेटरी टेबलाशी, शेजारी इतिवृत्ताची वही. त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळे सेक्रेटरीणबाई म्हणत, मागच्या रांगेत हातात विणकाम घेऊन बसल्या होत्या. काकांनी झोळी घरीच ठेवली होती. ते टाकीची जुनी नोटीस आणि आदल्या दिवशी सेक्रेटरींकडून मागून आणलेलं ते पत्र घेऊन खिडकीशी उभे राहिले.

"कोणताही माणूस एकच अक्षर दोनदा तंतोतंत सारखं काढू शकत नाही," ते म्हणाले. "यंत्र काढतं. आता या पत्रातला पहिला 'क' आणि दुसरा 'क' बघा. कागद घडी घालून उजेडात धरतो. दोन्ही एकावर एक बसतील."

बसले नाहीत. एकाचा गोळा मोठा होता, दुसऱ्याचा दांडा कललेला.

"बघा!" चित्रकलेच्या बाई आनंदाने म्हणाल्या. "जिवंत हात आहे. प्रत्येक क वेगळा!"

काका गोंधळले. हे काल घरी का पाहिलं नाही, म्हणून स्वतःवर चिडले. त्यांनी तिसरा क पाहिला. तोही वेगळा. चौथा मात्र पहिल्यासारखाच. पाचवा दुसऱ्यासारखा. "थांबा, थांबा!" ते ओरडले. "फॉन्टवाल्याने प्रत्येक अक्षराचे तीन तीन नमुने करून ठेवलेत! आळीपाळीने येतात, हाताने लिहिल्यासारखं वाटावं म्हणून! आता नोटिशीतला पहिला क आणि पत्रातला पहिला क बघा." त्यांनी दोन्ही कागद एकमेकांवर धरले. केसाचाही फरक नव्हता. "बघा! तंतोतंत!"

दातांचे डॉक्टर पुढे येऊन पाहून गेले.

"तंतोतंत आहे," ते खेदाने म्हणाले. "म्हणजे काका, दोन्ही एकाच माणसाने लिहिलंय, हे तुम्ही स्वतःच सिद्ध केलंत."

"तसं नाही हो—"

"वेगळं निघालं तर हाताने लिहिलेलं. सारखं निघालं तर तुम्ही लिहिलेलं," सेक्रेटरी वहीत लिहीत म्हणाले. "आणखी काही सिद्ध करायचं आहे?"

काकांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला. नोटिशीची मूळ फाइल त्यात होती. ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उघडायची, म्हणजे विषय मिटला. डॉक्टरांनी आपला लॅपटॉप आणला. फाइल उघडली. पडद्यावर साधं, सरळ, निर्जीव टाइपातलं वाक्य उमटलं: गुरुवारी टाकी धुणार.

"यात ते अक्षर कुठे आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

काकांनी पडदा हलवून पाहिला. अक्षर कुठे गेलं, हे त्यांनाही कळत नव्हतं. काल रात्री होतं. सेक्रेटरींनी पेनचं टोपण काढलं. काकांनी थरथरत्या बोटांनी, म्हणजे आता खरोखरच थरथरत्या, भाचीला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज मोठा केला.

"मामा, असं कसं दिसेल? फॉन्ट ज्या यंत्रात टाकलाय, त्याच यंत्रावर दिसतो. नसेल तर यंत्र आपलं साधं अक्षर दाखवतं."

"म्हणजे पुरावा फक्त माझ्या घरच्या संगणकावर दिसणार?"

"हो. नाहीतर जिथे कुठे 'फटकारा' असेल तिथे. ठेवू? मी रिक्षात आहे."

"फार सोयीचा पुरावा आहे," सेक्रेटरी म्हणाले. "तुमच्याच घरी दिसतो. ठीक आहे. अन्याय झाला असं कोणी म्हणायला नको. माझा लॅपटॉप घेऊन येतो, त्यावर शेवटचं बघू, आणि ठराव लिहू."

मागच्या रांगेतलं विणकाम थांबलं. पण त्या क्षणी तिकडे कोणी पाहिलं नाही.

सेक्रेटरी वर गेले, लॅपटॉप घेऊन आले. टेबलावर ठेवून स्वतःच्या हाताने फाइल उघडली, आणि विजयी मुद्रेने पडदा सभेकडे वळवला.

पडद्यावर काने वरून जाड, खाली निमुळते. वेलांट्या वाऱ्यावर. 'बादल्या' ओळ सोडून वर निघालेल्या.

"बघा," सेक्रेटरी म्हणाले. मग सगळे आपल्याकडे का पाहताहेत ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनी स्वतःही वाकून पाहिलं.

काका खूप हळू बोलले. एखादा खोटा तराजू सापडला की ते असंच हळू बोलत. "सेक्रेटरीसाहेब, ज्या यंत्रात फॉन्ट टाकलाय, त्यावरच तो दिसतो. हे यंत्र कोण कोण वापरतं?"

"मी! फक्त मी. सकाळी पत्रव्यवहार, रात्री हिशोब."

"आणि दुपारी मी," सेक्रेटरीणबाई म्हणाल्या.

त्यांनी सुया लोकरीत नीट खोवल्या आणि उभ्या राहिल्या. "नोटीस पाहिली त्याच दिवशी मला कळलं होतं की हे छापील आहे. पूर्वी छापखान्यात मुद्रितं तपासायचे मी. काकांची भाची राहायला आली होती तेव्हा तिने आपलं मांडणीचं काम सांगून नंबरही दिला होता. तिला फोन करून फॉन्टचं नाव विचारलं, तिने पाठवूनही दिला. मोठी गुणी मुलगी."

"तू?" सेक्रेटरींचा आवाज चिरकला. "तू मला निनावी पत्र लिहिलंस? घरात बोलायचं ना!"

"बोलले की. अकरा वर्षं बोलतेय. तुम्ही पेपर वाचता वाचता 'बघू' म्हणता. हे पत्र मात्र चारदा वाचलंत, जेवताना मला मोठ्याने वाचून दाखवलंत, आणि वर म्हणालात, माणसाला भाषा आहे."

कोणीतरी हसलं आणि खोकल्यासारखं केलं.

"वहिनी," काका गोंधळून म्हणाले, "पण मग माझ्यावर आळ आला, तेव्हा तुम्ही गप्प का राहिलात?"

"मी वाट बघत होते काका. म्हटलं, आज सांगतील, उद्या सांगतील, ते अक्षर माझं नाहीच म्हणून. लोक कौतुक करत होते, तुम्ही गप्प होतात. तुम्हीच आपलं म्हणून ठेवलेलं अक्षर, ते तुमचं नाही असं मी चारचौघांत कसं सांगू? तुम्हाला काय वाटलं असतं?"

आळ गेला होता. इतिवृत्तातला धोका टळला होता. आता खुर्चीत बसलं असतं तर कोणी काही विचारलंही नसतं, कारण सगळी सभा सेक्रेटरींच्या झब्ब्याच्या खिशाकडे पाहत होती. पण काका बसले नाहीत.

"वहिनींचं बरोबर आहे," ते म्हणाले. "टाकीच्या नोटिशीचं अक्षर माझं नव्हतं. डॉक्टर, ते तीस कागद मी लिहिले नव्हते. बाई, माझा खांदा दुखत नव्हता. मी कोणाला खोटं सांगितलं नाही, असं मी स्वतःला सांगत होतो. पण पारड्याला खालून चुंबक लावला, की हात लावावा लागत नाही. मला माहीत होतं ते."

चित्रकलेच्या बाईंचा चेहरा पडला. "अहो, पण मी पन्नास मुलांकडून तो उकार गिरवून घेतला!"

"कसा आला?"

"छान आला. आता सगळी मुलं मराठीच्या पेपरात तसाच काढतात. मराठीच्या बाई मार्क कापतात. मग तो उकार कोणाचा?"

"कोणाचा ते भाचीलाही माहीत नाही. कोणीतरी कुठेतरी एकदा काढला. आता तो ज्याचा त्याचा."

यावर बरीच चर्चा झाली, आणि ती कोणालाच नीट कळली नाही. छापलेलं अक्षर मोकळ्या मनाचं असू शकतं का, असं बाईंनी विचारलं. यंत्राला मन नसतं, डॉक्टर म्हणाले. मग ऊस कोणामुळे खाल्ला, असं कोणीतरी विचारलं. सेक्रेटरी तोवर स्वतःशी झगडत होते. अखेर त्यांनी खिशातून गच्चीची किल्ली काढली, टेबलावर ठेवली, आणि बायकोकडे न पाहता तिच्या दिशेने सरकवली. मग, काहीतरी कामकाज आपल्या हातात राहावं म्हणून, काकांपुढे एक कोरा कागद ठेवला.

"तुमचा खुलासा लेखी पाहिजे. फलकावर लावू. स्वतःच्या हाताने लिहा मात्र."

काका टेबलाशी बसले. चारचौघांत ते इतक्या वर्षांत कधी लिहायला बसले नव्हते. दहा मिनिटं लागली. कागद सेक्रेटरींकडे गेला, तिथून डॉक्टरांकडे. डॉक्टरांनी तो उलटा करून पाहिला आणि मग तो उलटा झालाय की सुलटा, याबद्दल त्यांना शंका आली. चित्रकलेच्या बाईंनी डोळे मिटून घेतले.

"काका, वाचून दाखवा," सेक्रेटरी म्हणाले.

काका उभे राहिले. दोन ओळी बऱ्या गेल्या. तिसऱ्या ओळीत एक शब्द आला, आणि तो काय लिहिलाय हे त्यांना स्वतःलाच लागेना. त्यांनी कागद जवळ धरला, लांब धरला.

"दिलगीर," काकू जागेवरून म्हणाल्या.

त्या बसल्या होत्या तिथून कागद दिसणंही शक्य नव्हतं. त्या उठल्या, पुढे आल्या, काकांच्या हातातून कागद घेतला आणि पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. त्या कुठेही अडखळल्या नाहीत. जिथे काकांनी शब्द खोडला होता तिथे त्या क्षणभर थांबल्या, खोडलेला शब्दही वाचून दाखवला, आणि पुढे गेल्या.

"काकू," सेक्रेटरी थक्क होऊन म्हणाले, "हे तुम्हाला वाचता येतं?"

"लग्नाआधी दोन वर्षं यांची बदली दुसऱ्या गावी होती," काकू म्हणाल्या. "आठवड्याला दोन पत्रं यायची. न वाचून करते काय?"

काका खाली पाहू लागले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, हे पहिल्या रांगेतल्या सगळ्यांनी पाहिलं.

तो कागद अजून फलकावर आहे. खाली सेक्रेटरींनी एक टीप चिकटवली आहे. ती साध्या टाइपात आहे आणि सगळ्यांना वाचता येते: 'वरील मजकूर ऐकण्यासाठी दुसऱ्या मजल्यावर काकूंकडे चौकशी करावी. वेळ सकाळी दहा ते बारा. रविवारी बंद.'